इयत्ता म्हणजे किती?

'कितव्या इयत्तेत आहेस?' हा प्रश्न आपण मुलांना किती सहज विचारतो! पण 'इयत्ता' या शब्दाकडे आपले क्वचितच लक्ष जाते. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'इतके'. त्यावरून इयत्ता म्हणजे इतकेपणा, माप, मर्यादा. इंग्रजीतून आपण जो 'स्टँडर्ड' शब्द घेतला त्याचाही अर्थ ठरवून दिलेले माप असाच आहे. म्हणजे 'हा तिसरीतला मुलगा' असे म्हणताना आपण नकळत 'हा तीन मापे भरलेला मुलगा' असे म्हणत असतो.

हे माप कोणी ठरवले? कशासाठी ठरवले? आणि मोजता मोजता शाळेचे काय झाले? याची एक जुनी गोष्ट आहे. ती आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की, प्राथमिक शाळेतील मुलांच्या वाचन-लेखनाच्या आणि गणिताच्या ठराविक साच्याच्या चाचण्या आता सगळीकडे होऊ लागल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये आपल्या देशात 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत, अशी लक्ष्ये दिलेली आहेत. साहजिकच शिक्षकांचा आणि पालकांचा प्रश्न असतो, 'या चाचण्यांसाठी मुलांची तयारी कशी करून घ्यावी?' आम्हाला वाटते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या शाळांनी देऊन ठेवले आहे. मात्र त्यासाठी त्या शाळांना मोठी किंमत मोजावी लागली.

आठ शिलिंगांचे मूल

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. तिथल्या संसदेने गरिबांच्या शाळांसाठी १८३३ साली प्रथम २० हजार पौंड मंजूर केले. खर्च वाढत गेला आणि १८६१ पर्यंत तो वर्षाला ८ लाख पौंडांच्या वर पोचला. मधल्या काळात क्रिमियाचे युद्ध होऊन गेले होते, तिजोरीवर ताण होता. त्यातच १८६१ साली न्यूकॅसल आयोगाचा अहवाल आला. बरीच मुले नीट लिहा-वाचायला न शिकताच शाळा सोडतात, शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांकडे लक्ष देतात आणि लहान मुले तशीच राहतात, असे आयोगाचे म्हणणे होते.

शिक्षण खात्याचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होता. सरकार पैसे देते, तर त्या पैशांत मुले काय शिकली हे सरकारला कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. नवी पद्धत स्वस्त पडली नाही तर ती कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी असेल, अशा आशयाचे त्यांचे संसदेतील बोलणे प्रसिद्ध आहे.

१८६२ साली लो यांनी आणलेल्या नियमावलीला 'सुधारित संहिता' म्हणतात. तिने सहा 'स्टँडर्ड' ठरवून दिले. पहिल्या स्टँडर्डच्या मुलाने एकावयवी शब्दांची गोष्ट वाचायची, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढायची, २० पर्यंतचे अंक ओळखायचे व लिहायचे आणि १० पर्यंतची तोंडी बेरीज-वजाबाकी करायची. दुसऱ्यात साधी बेरीज किंवा वजाबाकी आणि पाढे. तिसऱ्यात लहान भागाकारापर्यंतचे गणित. असे चढत चढत सहाव्यात वर्तमानपत्रातील परिच्छेद वाचायचा आणि तसाच दुसरा परिच्छेद ऐकून लिहायचा. इंग्रजी शाळांत वर्गाला 'स्टँडर्ड' म्हणण्याची चाल इथून पडली.

आता पैशांचा हिशेब पाहू. शाळेला मुलांच्या सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. शिवाय जे मूल वर्षात २०० हून अधिक वेळा हजर राहिले असेल (सकाळ आणि दुपार वेगवेगळ्या धरून) त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. पण हे ८ शिलिंग परीक्षेवर अवलंबून! वर्षातून एकदा सरकारी तपासनीस येई आणि एकेका मुलाची परीक्षा घेई. मूल वाचनात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. लेखनात नापास, तितकेच. गणितात नापास, तितकेच. शिलिंगाचे पेन्स १२. तिन्ही विषयांची बेरीज करून पाहा, बरोबर ८ शिलिंग भरतात. प्रमाणपत्रधारक शिक्षकांना पूर्वी सरकारकडून थेट मिळणारी रक्कम बंद झाली. सगळे पैसे शाळेच्या चालकांच्या हाती जात आणि शिक्षकाने पगाराची घासाघीस त्यांच्याशी करायची. बऱ्याच ठिकाणी शिक्षकाचा पगार अनुदानाशीच बांधला गेला. थोडक्यात, प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एक किंमत आली.

लो यांचा मूळ प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाघरचे मूल खरोखर वाचायला शिकले का, हे विचारलेच पाहिजे. मागे पडणाऱ्या मुलांकडेही लक्ष द्यायला या पद्धतीने शिक्षकांना भाग पाडले, हेही खरे. खर्चही कमी झाला. १८६५ पर्यंत अनुदान साडेसहा लाख पौंडांच्या खाली आले. 'स्वस्त' ही अट तर पुरी झाली. 'कार्यक्षम'चे काय झाले?

तपासनीस येण्याचा दिवस

हे पाहणारा एक जाणता साक्षीदार होता. मॅथ्यू अर्नॉल्ड हे इंग्लंडचे नामांकित कवी आणि समीक्षक. पण पोटापाण्यासाठी त्यांनी १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, शाळा-तपासनीसाची नोकरी केली. त्यांचे वार्षिक अहवाल आजही वाचण्यासारखे आहेत.

अर्नॉल्ड यांनी पाहिले ते असे. वर्षाच्या सुरुवातीला एका स्टँडर्डसाठी एक पुस्तक निवडले जाई. वर्षभर मुले तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत, दुसरे कोणतेही नाही. तपासनीस आला की त्याच पुस्तकातली दोन-चार वाक्ये त्याच्यापुढे वाचायची. मुले ती धडाधड वाचत. पण दुसरे पुस्तक हाती दिले की अडखळत. म्हणजे वाचता येत नसताना वाचनात पास होता येत होते, गणित समजले नसताना गणितात पास होता येत होते! सरकारने एक यांत्रिक खेळ मांडला आहे, या खेळात शिक्षक आम्हाला हरवायला शिकणारच आणि त्यांना ते शिकावेच लागणार, अशा अर्थाचे त्यांनी १८६७ च्या अहवालात लिहिले. यात शिक्षकांबद्दल तुच्छता नाही, हे लक्षात घ्यावे. ज्याची भाकरी मुलाच्या दोन वाक्यांवर अवलंबून आहे तो ती दोन वाक्येच घोटून घेणार.

परिणाम आणखीही होते. ज्या विषयांना पैसे नाहीत ते वेळापत्रकात आक्रसले. भूगोल, इतिहास, निसर्गाची ओळख यांना काही वर्षांनी जादा अनुदान द्यावे लागले, तेव्हा ते थोडे परतले. तपासणीच्या दिवशी आजारी मुलांनाही शाळेत आणले जाई. मूल गैरहजर म्हणजे ८ शिलिंग गेले. शिकाऊ शिक्षकांची संख्या घटली, कारण या नोकरीत मान उरला नव्हता.

सगळ्यात वाईट अवस्था वेल्समधील मुलांची. त्यांच्या घरची भाषा वेल्श. संहितेत वेल्शला स्थानच नव्हते, वाचायचे ते इंग्रजीत. मुले इंग्रजी परिच्छेद खणखणीत आवाजात वाचून दाखवत. त्याचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक नसे, आणि परीक्षा तो विचारतही नसे. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांना यातले दुःख वेगळे सांगायला नको.

ही पद्धत १८९० पासून सैल होत होत १८९७ पर्यंत संपली. पुढे प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस झालेले एडमंड होम्स यांनी १९११ साली एक पुस्तक लिहिले. ज्या यंत्रणेत आपण स्वतः वर्षानुवर्षे राबलो तिने शिक्षकाला आणि मुलाला गुलाम कसे केले, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. नियम रद्द झाला तरी सवय जात नाही, हाही त्यांचा मुद्दा होता.

मुंबई इलाख्यात

इंग्लंडमधला वारा इकडे यायला वेळ लागला नाही. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने आपल्याकडे अनुदानाची पद्धत आणली होती. १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांसाठी 'निकालावर अनुदान' हे तत्त्व आले. १८८२ च्या हंटर आयोगाने उच्च शिक्षणासाठी हे तत्त्व नको म्हटले, पण प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरावे अशी शिफारस केली. जी मुले सर्वांत लहान, ज्यांचे शिक्षक सर्वांत गरीब, त्यांनाच हा काटा लावायचा ठरला.

याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातील मागणी आपल्याला माहीत असते. पण शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा त्यातला आणखी एक भाग आहे. शाळांच्या तपासणीची व्यवस्था अपुरी आणि सदोष आहे, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, असे ते म्हणतात. निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देताही शाळा पाहाव्यात, असे ते सुचवतात. त्याच निवेदनात शिक्षकांना पगार नीट द्या, तो १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५ ते २० रुपये असावा, असेही ते मागतात. मुलांनी मोडी आणि बालबोध लिपी लिहा-वाचायला शिकावी, हिशेब शिकावा, त्याबरोबर इतिहास, भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य हेही शिकावे, अशी त्यांची यादी आहे.

इथे जरा थांबून विचार करावा. लो यांनी पगार निकालाला बांधला आणि तपासणीचा एकच दिवस ठेवला. फुले यांनी पगार आधी पुरेसा मागितला आणि तपासणी वारंवार, अवचित मागितली. शाळेत काय चालले आहे ते कळावे, असे दोघांनाही वाटत होते. पण नटून बसलेली शाळा आणि रोजची शाळा यांतला फरक स्वतः शाळा चालवलेल्या माणसाला ठाऊक होता.

आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झन यांच्या काळात, 'निकालावर अनुदान' मोडीत निघाले. डेप्युटी यायच्या दिवशी शाळा सारवून, मुलांना ठरलेली उत्तरे पढवून बसवण्याची सवय मात्र पुढे बरीच वर्षे टिकली.

ताप मोजावा, पण कशासाठी?

मापाचा दुसरा एक उपयोगही त्याच सुमारास पुढे आला. १९०४ साली फ्रान्समध्ये, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कशी द्यावी हे ठरवण्यासाठी एक समिती नेमली गेली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने त्यात होते. त्यांनी आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. कोणाला मदत हवी हे शोधणे, हा तिचा हेतू. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढूच शकत नाही, या निराशावादाला बिने यांनी १९०९ साली कडाडून विरोध केला. पुढे इतरांनी त्यांच्या चाचणीचा उपयोग नेमका मुलांवर शिक्के मारण्यासाठी केला, हा इतिहासाचा उपहास.

तापमापकाचे उदाहरण घेऊ. ताप किती आहे हे कळले की औषध देता येते. पण आकडा कमी दिसला तर बक्षीस आणि जास्त दिसला तर दंड, असे ठरवले तर लोक तापमापक गार पाण्यात बुडवू लागतील. ताप मात्र तसाच राहील. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच सूत्ररूपाने मांडले. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवावेत तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्याचे मापन करायचे तेही बिघडते.

याची प्रचीती नंतर आलीच. २००२ साली अमेरिकेत आलेल्या कायद्याने वाचन आणि गणिताच्या वार्षिक चाचण्यांवर शाळांचे भवितव्य ठरू लागले. अटलांटा शहरात २००९ च्या चाचण्यांत मुलांची चुकीची उत्तरे खोडून शाळेतच बरोबर केल्याचे उघड झाले. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक यांत गुंतल्याचे आढळले. २०१५ साली न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यात खरे नुकसान कोणाचे झाले? ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांचे. कागदावर ती पास झाली होती, म्हणून त्यांना मदत मिळाली नाही.

याउलट आपल्याकडे २००५ पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 'असर' ही पाहणी होत आली. तिच्यात कार्यकर्ता ग्रामीण भागातील घरी जातो, मुलाजवळ बसतो, अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते ते पाहतो. त्यावर मुलाला गुण नाहीत, शिक्षकाला दंड नाही. म्हणूनच पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे कडू सत्य वर्षानुवर्षे बाहेर येऊ शकले.

मग तयारी कशी करून घ्यावी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्नॉल्ड यांच्या शाळांत तयारी म्हणजे एकच पान घोटणे. चाचणीचे खरे काम मात्र मूल अनोळखी पान वाचू शकते का, हे पाहण्याचे. म्हणून आमच्या मते तयारी एकच: मुलाला रोज नवे पान द्यावे. पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्ट, दुकानाची पाटी, एसटीचे वेळापत्रक, बियाण्याच्या पाकिटावरील सूचना, काहीही चालेल. 'निपुण'च्या पहिलीच्या लक्ष्यातही मुलाने वयाला साजेसा अनोळखी मजकूर वाचावा, असेच अपेक्षित आहे.

मिनिटाला शब्द का मोजतात, हेही आपण समजून घ्यावे. आपल्या मनाला एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. मूल एकेक अक्षर जुळवत बसले तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून थोडा वेग हवा. पण वेग हे साधन आहे. घड्याळ लावून वाचनाच्या शर्यती घेतल्या तर वेल्समधील मुलांसारखे खणखणीत आणि अर्थहीन वाचन मिळेल. वाचून झाल्यावर 'मग काय झाले?' एवढे विचारावेच. ज्याच्या घरी मराठी नाही त्याला आपल्या भाषेत उत्तर देऊ द्यावे.

चाचणी वाईट असते असेही नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. पण एका आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवले आणि स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याच्या प्रयत्नानेच आठवण पक्की होते. म्हणून गुण न देता, रोज पाच मिनिटे, 'काल काय शिकलो ते आठवून सांगा' हा खेळ वर्गात जरूर घ्यावा.

आणि चुकांवर नुसती फुली मारू नये. 'सत्तावीस' सांगितल्यावर मुलाने ७२ लिहिले, तर त्याने आधी ऐकू आलेला 'सात' आधी लिहिला आहे. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणाऱ्याने त्यातला 'तीस' ऐकला आहे. मूल विचार करते आहे. घोळ आपल्या संख्यानामांचा आहे. दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हाती दिल्या की तो सुटतो. प्रश्नपत्रिकेचा नमुना, गोल काळा करण्याची रीत, वेळेचा अंदाज, या गोष्टी शेवटच्या आठवड्यात दोन-तीनदा दाखवल्या तरी पुरतात. त्यासाठी वर्ष घालवू नये.

चाचणी झाल्यावर आकडे वर पाठवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आपण आपल्यापुरती करावी. कोणते मूल कोणत्या शब्दाशी, कोणत्या वजाबाकीशी थांबले, हे आपल्या वहीत लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करावी. त्या नोंदीवर कोणाचे शिलिंग अवलंबून नसतात, म्हणून ती खरी असते. इयत्ता म्हणजे 'इतके'. पण 'इतके झाले' यापेक्षा 'इतके झाले, आता पुढे काय?' हा प्रश्न मुलाच्या कामाचा आहे.